वाणात जिभेची पट्टी

इकडे हिंदी मुलखात, आमच्या मदन महल वस्तीतल्या गल्लीत सरोजकाकू कोणत्याही पोराला रस्त्यात अडवतात, स्वतःच्या तोंडावर पदर धरतात आणि हुकूम सोडतात, "हाऽ कर!" पोरगं हाऽ करतं, काकू वाकून वास घेतात. "जीभ नाही घासली आज. पळ घरी!"

गल्लीतल्या बायकांना याचा भारी राग. त्यात यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाण काय दिलं, तर जीभ खरवडायची तांब्याची पट्टी! सगळ्यांचा तिळाचा लाडू तोंडातच राहिला. "म्हणजे आमच्या तोंडाला वास येतो काय?" वरच्या मजल्यावरच्या वहिनी कडाडल्या.

"पोरांसाठी दिली. पण तुम्ही पण घासत जा नं," काकू पदराआडून म्हणाल्या.

झालं! बायकांनी काकूंना बोलावणं बंद केलं. मी काकूंना हे थांबवा म्हणून समजवायला गेले, तर माझ्यावरच उखडल्या. "काहून थांबू? पोराच्या तोंडाचा वास आईला कळत नाही, वर्गाला कळते. अन् वर्ग सांगत नाही, बेंच बदलते!"

माझी आठ वर्षांची बडबडी पिहू दिवाळीपासून गप्प गप्प होती. घरी येऊन विचारलं, तर रडायलाच लागली. "मम्मी, मेरे पास कोई नहीं बैठता."

तिला काकूंकडे नेलं. काकूंनी वास घेतला. "वास तुझा नाही बेटा, जिभेवरच्या थराचा आहे. हाकलून देऊ त्याला." मग काकूंचं रोज सुरू झालं, शाळेआधी त्यांच्या फाटकाशी जीभ घासून घेणं, पाण्याची बाटली संपली का पाहणं. "दाढ किडून राहिली पोरीची, डॉक्टरला कधी दाखवशील?" म्हणून मलाही झापलं. दाढ भरून घेतली, वास गेला. पिहू पुन्हा माझं डोकं खाऊ लागली.

पुढच्या संक्रांतीला मीही हेच वाण देणार आहे. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं!

परवा पिहूनं काकूंनाच फाटकाशी अडवलं. "आजी, अब आपकी बारी. हाऽ करो!"

साऱ्या गल्लीला पुरून उरणाऱ्या काकू चक्क मागे सरकल्या. पदर आणखी घट्ट धरला. "नको बेटा. शाळेत माझ्याजवळ पण कोणी बसत नव्हतं. तेव्हापासून..."

पिहूनं सरळ पदर ओढला, टाचा उंचावल्या आणि नाक लावलं.

"कुछ नहीं आ रहा, आजी. बस सौंफ."

"खरंच?" सत्तरीच्या काकूंनी विचारलं. "पुन्हा एकदा पाह्य नं."