दीड तासाचं रीळ

माझ्या सासऱ्यांनी माझ्या गाडीच्या वायपरची मोटर काढून घेतली, तेव्हा मी त्यांच्याच घरात बसून पुरणपोळी खात होतो.

हात धुवायला अंगणात आलो तर गाडीचं बॉनेट उघडं आणि अंबादास मामा खांद्यापर्यंत आत शिरलेले.

"मामा, काय करताय?"

"दिसत न्हाई का? मोटर काढायलोय."

"आणि पाऊस आला म्हणजे?"

त्यांनी डोकं बाहेर काढलं. आधी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोन्हीकडं सारख्याच रागानं. "पाव्हणं, हे शिरूर कासार हाय. हितं कुठं आलाय पाऊस? खामखा वायपर घेऊन फिरायलाव तुमी."

मामा माझ्याशी कधी अरेतुरे करत नाहीत. जावयाला मान द्यायचा असतो म्हणून शिव्यासुद्धा 'तुमी' लावून देतात. "पाव्हणं, तुमी येडे हाव" हे वाक्य मी लग्नापासून किती वेळा ऐकलं, त्याला हिशेब नाही.

शिरूरच्या स्टँडजवळ त्यांचं मोटरी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटर यायची, मामा तिची तांब्याची तार काढून नवीन गुंडाळायचे. हात सोन्याचा आणि तोंड फुफाट्याचं. त्यांना राग यायला एकच गोष्ट पुरते. कुणी काही मध्येच सोडलं, की संपलं. कुणी अर्धा चहा ठेवून उठला, तर मामा कप उचलून त्याच्या मागं रस्त्यापर्यंत जातात. चुलत मेव्हण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींचा मोबाइल वाजला आणि भटजींनी तो घेतला. मामांनी मांडवात असा आवाज काढला की नवरदेवानं घाबरून अंतरपाट दूर व्हायच्या आधीच हार घातला.

"मधीच सोडायचं आसंल तर धरायचं कावून?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी माझ्या गावाहून, कड्याहून, सुनीताला बघायला गेलो होतो, तेव्हा मामा ओट्यावर बसून मोटर भरत होते. वेढे मोजत होते. आम्ही सहा माणसं समोर उभी. मामा म्हणाले, "एकशे बारा." माझे वडील म्हणाले, "रामराम." मामा म्हणाले, "एकशे तेरा." पाऊण तास आम्ही बसलो. आईनं दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. शेवटचा वेढा झाल्यावर मामांनी वर बघितलं आणि विचारलं, "हां, कोण पायजे?"

अशा माणसाच्या हातात घरगुती सिनेमाचं मशीन पडलं, तिथं आमचं नशीब फुटलं.

झालं असं. शिरूरात पूर्वी एक डॉक्टर होते. ते केव्हाच पुण्याला गेले, पुढं वारले, आणि बंद पडलेलं त्यांचं घर मागच्या साली विकलं गेलं. घेणाऱ्यानं आतलं सामान भंगारवाल्याला दिलं. त्या भंगारात मामांना एक छोटा प्रोजेक्टर सापडला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात फिल्मची एकतीस बारकी रिळं. एकेक रीळ तळहाताएवढं. मशीन मामांनी दोन दिवसांत चालू केलं. भिंतीवर चित्र आलं, हललं, रंगीत दिसलं. आणि सव्वातीन मिनिटांत रीळ संपून भिंत पांढरी झाली.

मामा त्या मशीनवर ओरडले. खरंच ओरडले. सासूबाई सांगतात, शेजारचे विचारायला आले.

दुसऱ्या कुणीही पुढचं रीळ लावलं असतं. मामांनी ठरवलं की एकतीस रिळं जोडून एकच रीळ करायचं आणि ते या मशीनवर चालवायचं. पण मशीन बेताचं. त्याचे हात टीचभर, त्यांत मोठं रीळ बसेना. मामांनी ते हात कापून जुन्या सायकलचा चिमटा जोडला. मग एवढं मोठं रीळ आणायचं कुठून? आमच्या लग्नात कड्याच्या मित्रमंडळानं स्टीलची मोठी ताटं दिली होती, ती सुनीतानं माहेरी ठेवली होती. मामांनी चार ताटांना मधोमध भोकं पाडली आणि दोन-दोन ताटांमध्ये पाइपाचा तुकडा बसवून रिळं केली. पाचव्या ताटाचं भोक जरा बाजूला गेलं. ते त्यांनी इमानदारीनं परत पाठवलं. त्याच संध्याकाळी सुनीतानं मला त्यात रस्सा वाढला. माझी पँट गेली.

"भोक बारकंच हाय की," फोनवर मामा म्हणाले. "घट्ट भाजी खावी."

सगळ्यात जास्त भांडण झालं ते फिल्म गुंडाळणाऱ्या रिळापायी. जड रीळ ओढायला मशीनची ताकद पुरेना. मामांनी आमच्या मिक्सरची मोटर लावली. ती इतक्या जोरात फिरली की फिल्मच्या कडेची भोकं फाटली. नशीब, पुढं जोडलेल्या कोऱ्या पट्टीवरच चाचणी होती. मग त्यांची नजर माझ्या वायपरवर गेली. वायपरची मोटर सावकाश फिरते आणि बॅटरीवर चालते, म्हणजे लाइट गेली तरी गुंडाळणं थांबत नाही. रीळ भरत जाईल तसा त्याचा वेग आपोआप कमी व्हावा म्हणून मधे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घातली. जास्त ताण आला की ती घसरते, फिल्म तुटत नाही. हे मला त्यांनी तीनदा समजावलं. मी मध्येच "बरं" म्हणालो म्हणून चौथ्यांदा पहिल्यापासून समजावलं.

अखेर मशीन चाललं. दीड तासाच्या वर, न थांबता. दोन्ही रिळांची ताटं फिरताहेत, त्यांवरचं 'सप्रेम भेट' गरगरतंय, आणि शटर खाली ओढलेल्या दुकानात भर दुपारी मामा एकटे भिंतीकडं बघत बसलेत. रोज. गिऱ्हाईक आलं तर शटरवर थाप मारून परत जायचं.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. कड्यात आला, आष्टीच्या रस्त्यावर आला, आणि काचेतून काही दिसेना म्हणून मी गाडी थेट बांधाखाली घातली. मला काही लागलं नाही, पण गाडीत भरलेली खताची चौदा पोती चिखलात गेली. त्या चिखलात उभं राहून मी मामांना फोन केला.

"आला का पाऊस?" ते म्हणाले. "बरं झालं. लई गरज व्हती."

मी पेटलो. घरी येऊन तसाच ओल्या कपड्यांनी मोबाइल घेतला आणि गावोगावच्या ग्रुपवर टाकलं: शिरूरच्या जुन्या डॉक्टरांच्या घरच्या फिल्म सापडल्या आहेत, ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात. खाली माझा नंबर. एकदाचं ते रीळ घरातून जाऊ दे, म्हणजे माझी मोटर सुटेल, एवढाच विचार होता.

चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. डॉक्टरांचा मुलगा, मिलिंद. पन्नाशी ओलांडलेला, सभ्य माणूस. रविवारी येतो म्हणाला.

मामांना मी सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती. रविवारी दुपारी मिलिंदरावांना घेऊनच दुकानावर गेलो, शटर वर केलं आणि म्हणालो, "मामा, हे डॉक्टरांचे चिरंजीव. फिल्म न्यायला आलेत."

मामा ओरडतील म्हणून मी एक पाय मागं घेऊन उभा होतो. ते ओरडले नाहीत. मिलिंदरावांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कपाळावरची खूण गेली की रे."

"कुठली?"

"तिसरीत पडला व्हतास न्हवं?"

मिलिंदरावांचा हात कपाळावर गेला. या माणसाला कधी भेटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"पुण्यात एकाकडं देतोय, काका," मिलिंदराव म्हणाले. "कॉम्प्युटरवर घेऊन देतात. फक्त त्यांचं मशीन लहान आहे, ते सुटे तुकडे करून—"

"तुकडे?" आता आवाज चढला. शेजारच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. "एकतीस जोड घातले म्या! एकेक जोड डोळ्याला भिंग लावून! आन तुमी तुकडे करायलाव? पाव्हणं, ह्ये तुमचं काम हाय. मला इचारलं व्हतं का?"

"मामा, फिल्म त्यांच्या वडिलांची आहे," मी म्हणालो.

मामांनी स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं. "खरं हाय. घिऊन जावा. पर आदी बसून बगा. सगळं."

मी शटर ओढलं. मशीन खडखडायला लागलं.

मी ते पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं होतं, वाढदिवस, सहली असं काहीतरी असेल. तेही होतं. पण डॉक्टरांची एक रीत होती. दर जूनमध्ये नवीन गणवेशातला मुलगा दारात उभा करायचा, आणि दर उन्हाळ्यात त्याच दारात प्रगतिपुस्तक घेऊन. दार तेच, मुलगा दर वेळी बोटभर उंच. मामा भिंतीकडं न बघताच सांगत होते. "आता पाचवी. आता दात पडलाय."

मिलिंदरावांचा फोन वाजला. ते उठायला लागले. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "सातवीचा निकाल यायलाय. बस," म्हणाले. ते बसले. फोन वाजून वाजून थांबला.

सातवीनंतर भिंत कोरी झाली. तीनएक मिनिटं नुसता पिवळट उजेड. मला वाटलं बिघडलं.

"आठवीचं रीळच न्हाई," मामा म्हणाले. "मी कोरी पट्टी जोडली. काय झालतं रं त्या साली?"

मिलिंदरावांनी आठवून बघितलं. "कॅमेरा बिघडला होता बहुतेक."

"परीक्षा दिल्ती?"

"दिली की."

"पास?"

"पास झालो, काका."

मामांनी मोठा श्वास सोडला. "मग ठीक हाय. लई दिवस डोक्यात घोळत व्हतं."

दहावीचा निकाल आला, आणि फिल्म संपली. शटर वर केल्यावर उजेडात मिलिंदराव बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी. पाच डाव."

मला हसू आलं. लग्नापासूनचा सगळा राग त्या हसण्यात होता. "मामा, पाच वेळा नापास?"

"नापास कावून?" मामा माझ्याकडं वळले. पण ओरडले नाहीत. "नापास कदीच झालो न्हाई. परीक्षेला बसलोच न्हाई. दिवाळी झाली की आय-बापासंगं कोयत्यावर. उसाचा फड उठून माघारी यीस्तवर परीक्षा झाल्याली आसायची. जूनला गुरुजी पुन्ना चौथीत बसवायचे. सहाव्या साली मीच गेलो न्हाई."

सुनीताला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी विचारलं तेव्हा कळलं, सासूबाईंनाही नव्हतं.

मामांनी रीळ स्वतः उतरवलं, धुतलेल्या पंच्यात बांधलं आणि मिलिंदरावांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. मिलिंदराव म्हणाले, अख्खं रीळ घेणारा कुणीतरी शोधतो, तुकडे होऊ देणार नाही. मामा म्हणाले, "बगा." मिलिंदराव तसेच दार धरून उभे राहिले.

"लेकरं किती?" मामांनी विचारलं.

"एक मुलगी. दहावीला आहे."

"उद्या सोमवार. शाळंत सोडायला कोण जातं?"

"मीच जातो."

"मग निघा की! हुबं कावून हाव?" मामांचा आवाज एकदम चढला, टपरीवरची माणसं पुन्हा उठली. "पुणं काय जवळ हाय का? उशीर झाला तर पोरीची शाळा बुडंल!"