सोयीच्या अर्थाचं पुस्तक

“पुस्तक आणल्याशिवाय मी सही करणार नाही,” असं विमलाताईंनी सकाळीच जाहीर केलं आणि जयवंत परबांना आयुष्यात पहिल्यांदा टॅरो या प्रकाराबद्दल आदर वाटला.

सही करायची होती ती बोरीवलीचा फ्लॅट विकण्याच्या कागदावर. पुण्याला मुलाकडे जाऊन राहायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे विमलाताईंनी आणि मुलाने ठरवलं होतं. जयवंतरावांना इथला मासळीबाजार आणि सोसायटीतला कॅरम सोडवत नव्हता, पण तसं बोलून दाखवायची हिंमतही होत नव्हती. घर बघायला कोणी येणार असलं की ते पिशवी घेऊन बाजारात सटकायचे, एवढाच त्यांचा विरोध.

अशात भाची अक्षता भविष्य सांगणारे टॅरोचे पत्ते भेट देऊन गेली. “घर विकू का?” असं विचारून विमलाताईंनी एक पत्ता ओढला, तर त्यावर वीज पडून कोसळणारा बुरूज आणि त्यातून डोक्यावर पडणारी दोन माणसं. अर्थ सांगणारं पुस्तक काही पाकिटात नव्हतं.

“बिल्डिंग पडतेय, दिसतंय की,” जयवंतराव म्हणाले. “यात अर्थ काय शोधायचा?”

“हो, पण कुठली? ही की पुण्याची? जा, नीट बघून पुस्तक आणा. पत्ते सोबत न्या, चित्रं जुळायला हवीत.”

स्टेशनजवळच्या दुकानात रतनशेठने टॅरोची पाच पुस्तकं काढून दिली. जयवंतराव स्टुलावर बसले, काउंटरवर पत्ते मांडले आणि सोयीचा अर्थ शोधू लागले. पहिल्या पुस्तकात होतं, ‘राहतं घर तात्काळ सोडा.’ ते त्यांनी पालथं घातलं. दुसऱ्यात, ‘स्थलांतरातून भाग्योदय.’ तेही पालथं. तिसऱ्यात चित्रच निराळं.

“छे! जुळत नाही,” ते पुटपुटले.

“अगंबाई!” मागून आवाज आला. वह्यांची कव्हरं घ्यायला आलेल्या एक बाई पत्त्यांकडे डोळे फाडून बघत होत्या. “अहो, तीस गुण जुळलेत म्हणाले होते गुरुजी!”

“यात नाही जुळत,” जयवंतरावांनी मान वर न करता चौथं पुस्तक ओढलं. “हे दुसरं बघतो. हे जुळेल. जरा जाड आहे, पण.”

“जाड चालेल हो! आमची मुलगी तरी कुठे बारीक आहे?” बाईंनी त्यांच्या पायांना हात लावला आणि फोनवर कोणाला तरी “ते मुलुंडचं स्थळ कॅन्सल” असं सांगत निघून गेल्या.

पाचव्या पुस्तकात एकदाचं सापडलं, ‘आहात तिथे घट्ट बसा.’ जयवंतराव आनंदाने उठले, तर मागे भविष्य विचारायला आठ जणांची रांग. रतनशेठने त्यांना खांदे धरून पुन्हा बसवलं. “काका, थोडा टाइम बसा ना. माझी वर्षभर पडलेली पुस्तकं पण जायला लागली.”

चौथ्या नंबरला संघमित्रा नावाची चुणचुणीत मुलगी आली. “काका, एक फ्लॅट आवडलाय. सातेरी सोसायटी, चौथा मजला, खिडकीत जांभळाचं झाड. उद्या टोकन द्यायचंय. घेऊ?”

जयवंतरावांनी चटकन मान वर केली. ते झाड त्यांनी स्वतः लावलं होतं.

“पत्ता काढ.”

तिने काढलेल्या पत्त्यावर एक हात, हातात पेला, पेल्यातून पाणी भळभळतंय.

“स्वयंपाकघरातला नळ गळतो,” जयवंतराव म्हणाले. “वरच्यांचं पाणी बाथरूममध्ये झिरपतं. लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद.”

“हे सगळं पत्त्यात दिसतंय?”

“स्पष्ट.”

“काकी मात्र खूप गोड वाटल्या. नवरा काही दिसला नाही.”

“देवमाणूस आहे,” जयवंतराव गंभीरपणे म्हणाले.

बिलासाठी फोन नंबर देऊन, पाचवं पुस्तक काखेत मारून ते शीळ घालत घरी आले. विमलाताई दारातच उभ्या होत्या. “ती संघमित्रा नाही म्हणाली! स्टेशनजवळ कोणी महाराज आलेत म्हणे. घर न बघता नळ गळतो सांगितलं! प्लंबरला तीन फेऱ्या मारून कळलं नाही ते!”

“महाराजच नको म्हणतायत, तर नकोच विकूया. आणि पुस्तकातही बघ काय लिहिलंय...”

“पुस्तक ठेवा तिकडे. मी त्यांनाच विचारणार. तिने दुकानातून नंबर मिळवलाय.” विमलाताईंनी चष्मा लावला आणि चिठ्ठीवरचा एकेक आकडा दाबला. दहावा आकडा पडला आणि स्क्रीनवर नाव उमटलं: ‘अहो’.

जयवंतरावांच्या खिशात फोन वाजू लागला. विमलाताईंनी आधी खिशाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “कोणाचा तरी फोन येतोय.”

जयवंतरावांनी फोन कानाला लावला.

“हॅलो, महाराज,” दोन हातांवरून विमलाताई फोनमध्ये बोलल्या. “घर विकू की नको?”

“नको गं,” महाराज हळूच म्हणाले. “मला इथेच बरं वाटतं.”



“बरं,” विमलाताई म्हणाल्या. “आता प्लंबर कधी येणार, तेवढं बघून सांगा.”