द्वारकाबाईंचा दोन हजार पानांचा कॅट

एका जंगलात (कोणत्या ते विचारू नका, विचारलंत तर इथेच थांबेन) भांडणं होत, पण मारामाऱ्या होत नसत. मारामारीत वेळ फार जातो आणि नंतर पंजे दुखतात, असं तिथल्या जाणत्यांचं मत पडलं होतं. म्हणून त्या जंगलात कुठलंही भांडण पत्त्यांवर मिटवत.

आता तुम्ही म्हणाल, राजा-राणी-गुलाम. गप्प बसा. हे पत्ते तसले नाहीत. यात प्रत्येकाचा कॅट वेगळा. ज्यानं त्यानं आपल्या स्वभावाची पानं जमवायची आणि आपला कॅट आपण बांधायचा. वाघाच्या कॅटमध्ये सगळ्या झडपा. कोल्ह्याच्या कॅटमध्ये थापा. सशाच्या कॅटमध्ये पळ काढायची पानं इतकी होती की तो स्वतःच्या डावालाही क्वचित हजर असे.

नियम तीन. नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही. कॅटमध्ये चाळीसपेक्षा कमी पानं नकोत, हा पहिला. आपली पाळी आली की आपल्या गठ्ठ्यातलं वरचं पान ओढायचं आणि हातातलं एक खेळायचं, हा दुसरा. अंगावर वीस ओरखडे बसले की हरलात, आणि पान ओढायला गेलात पण गठ्ठाच संपला असेल तरीही हरलात, हा तिसरा.

तर या जंगलात द्वारकाबाई नावाचं एक खवले मांजर राहत होतं. अंगभर खवले, स्वभाव भिडस्त, तोंडात एकही दात नाही. वाळवी आणि मुंग्या सोडून काही खाता यायचं नाही. बिळाच्या दारासमोर ऐनाच्या झाडाखाली एक मोठं वारूळ होतं, त्यावर त्यांचा संसार चालला होता.

द्वारकाबाईंचा कॅट त्यांच्या आईकडून आलेला. बरोबर चाळीस पानं, त्यातली बत्तीस वेटोळ्याची. कुणी झडप घातली, टाक वेटोळं. कुणी चावा काढला, टाक वेटोळं. एकदा वाघ त्यांच्याशी खेळला आणि एकोणीस झडपा वाया घालवून घरी जाऊन रडला म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण सांगणारा खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

एका सकाळी झिपरूअण्णा आले. झिपरूअण्णा म्हणजे अस्वल. हा गृहस्थ मध खाई, मोहाची फुलं खाई, जांभळं, बोरं, उंबरं, काय म्हणाल ते खाई. त्या दिवशी त्याला मधाचा कंटाळा आला होता. हे वारूळ आपल्याला हवं, असं त्यानं जाहीर केलं. कशासाठी, तर मधूनमधून तोंडाला चव म्हणून. महिन्याभरानं डाव ठरला. हरणाऱ्यानं वारुळाकडे फिरकायचं नाही.

झिपरूअण्णांचा कॅट द्वारकाबाईंना माहीत होता. त्यात झडप नाही, चावा नाही. सगळी उकरीची पानं. एक उकर खेळली की समोरच्याच्या गठ्ठ्यातली चार पानं बाहेर. ओरखडा एक नाही. नुसतं उकरत राहायचं. चाळीस पानांचा गठ्ठा आठ पाळ्यांत साफ. आता उकरणाऱ्यापुढे वेटोळं घालून काय होणार? तो वेटोळ्यासकट उकरतो.

द्वारकाबाई घुबडसरांकडे गेल्या. घुबडसरांचा पत्त्यांचा क्लास होता. क्लास भर दुपारी भरे, त्यामुळे सर निम्मा वेळ झोपेत शिकवत आणि मुलांना तोच भाग जास्त कळे. सरांनी दोन्ही कॅट मांडले, फळ्यावर पुष्कळ आकडे लिहिले आणि सांगितलं की शंभर डाव खेळलात तर नऊ जिंकाल. द्वारकाबाईंनी विचारलं, मग मी काय करू? सर म्हणाले, मन खंबीर ठेवा, पहाटे उठा, सराव करा. एवढं सांगून त्यांना झोप लागली.

द्वारकाबाई पहाटे उठू लागल्या. शेजारच्या साळूबाई साळिंदरीण अस्वलाची भूमिका करायला तयार झाल्या. अंगावर काटे असलेलं अस्वल डोळ्यांसमोर आणणं अवघड होतं, पण गरजवंताला अक्कल नसते. दोघी शंभर डाव खेळल्या. द्वारकाबाई नऊ जिंकल्या आणि एक्क्याण्णव हरल्या. ही बातमी ऐकून घुबडसरांना अतिशय आनंद झाला. त्यांनी पाटी लावली, आमचं गणित शंभर टक्के बरोबर येतं.

शंभरावा डाव हरून द्वारकाबाई उठल्या, तेव्हा साळूबाईंनी सवयीनं त्यांच्या ओटीत एक पान घातलं.

ही तिथली रीत होती. घरी आलेल्या बाईमाणसाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, ओटीत एक पान घालायचं. आता चांगलं पान कोण देतो? तुमची आई देते का? मग. घरात जे कुणालाच नको ते ओटीत जायचं. ओली काडी. अर्धा खड्डा. कालचा ढेकर. शेजारणीची शिंक. अशी पानं वर्षभर या घरातून त्या घरात हिंडत आणि दिवाळीपर्यंत पहिल्या घरी परत येत. पान आपलंच आहे हे त्या घरच्या बाईला ओळखू येई, पण तसं बोलायची सोय नव्हती.

साळूबाईंनी दिलेली शिंक घेऊन द्वारकाबाई घरी आल्या आणि कोपऱ्यातल्या ढिगावर टाकली. ढीग कमरेइतका होता. त्या टाकून वळल्या, पुन्हा वळल्या आणि ढिगाकडे बराच वेळ बघत बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जंगलात घरोघर जायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे सात वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, त्यांच्याकडेही गेल्या. सांबरीणबाईंकडे सकाळी बसल्या, संध्याकाळी पुन्हा गेल्या, चष्मा राहिला म्हणून. त्यांना चष्मा नव्हता. पण सांबरीणबाईंना तरी काय, एक अर्धा खड्डा निकालात निघाला. बायका खूश झाल्या. काहींनी तर ओटीत मूठभर पानं घातली आणि अजून आहेत, उद्या या म्हणाल्या.

डावाच्या दिवशी झिपरूअण्णा आपली चाळीस पानं काखेत मारून आले. द्वारकाबाईंचा कॅट नऊ माकडांनी ओढत आणला. मोजणी झाली. दोन हजार तीनशे सतरा पानं.

झिपरूअण्णांनी हरकत घेतली. पंच होतं कासव. कासवानं नियम काढला आणि वाचला, यात दुपार झाली. चाळीसपेक्षा कमी नकोत असं आहे, त्यानं सांगितलं. जास्त नकोत असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, कोण कशाला आणील. मग माकडांनी पानं पिसली. ती पिसताना दोन माकडं ढिगात अडकली, त्यांना काढून डाव सुरू झाला.

झिपरूअण्णांनी उकर टाकली. चार पानं बाहेर. पुन्हा उकर, पुन्हा चार. ढीग होता तेवढाच. द्वारकाबाईंनी पान ओढलं आणि टाकलं: कालचा ढेकर. कासवानं पानावरचा मजकूर वाचून सांगितला की समोरच्यानं वास आला असं म्हणायचं आहे. झिपरूअण्णा म्हणाले, वास आला. पुढच्या पाळीला ओली काडी आली. तिच्यानं काहीच होत नव्हतं. द्वारकाबाईंनी ती टाकली आणि काहीच झालं नाही. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण दिलेली ओली काडी कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

असा डाव चालला. आईच्या बत्तीस वेटोळ्यांपैकी एकही द्वारकाबाईंच्या हातात आलं नाही. एकोणिसाव्या पाळीला झिपरूअण्णांच्या उकरीत एक वेटोळं बाहेर पडलं. कोपरे आईच्या हातानं गुळगुळीत झालेले. ते दोन अर्ध्या खड्ड्यांच्या मध्ये मातीत पडलं होतं. द्वारकाबाईंना फार वाईट वाटलं. बाहेर पडलेल्या पानाला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी नुसतं बघितलं आणि शिंक टाकली.

तिसाव्या पाळीला झिपरूअण्णांचं लक्ष आपल्या गठ्ठ्याकडे गेलं. तो बोटभर उरला होता. समोरचा ढीग अजून त्यांच्या डोक्याच्या वर होता. त्यांनी कासवाला विचारलं, एखाद्या पाळीला पान नाही ओढलं तर चालेल का. कासव म्हणालं, चालणार नाही. मग त्यांनी उकरायचा वेग वाढवला, पण पाळीला एकच पान खेळता येतं, तेव्हा वेग वाढवून फक्त धूळ उडाली.

एक्केचाळिसाव्या पाळीला त्यांनी हात पुढे केला आणि खाली जमीन लागली.

आयुष्यभर झिपरूअण्णांनी दुसऱ्याचा तळ काढला होता. आपल्यालाही तळ आहे हे त्यांना त्या दिवशी समजलं. मग ते हळू आवाजात म्हणाले,

"द्वारकाबाई, निदान खेळायचं तरी होतंत."

द्वारकाबाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही खेळायला आला होतात. मला जेवायचं होतं."

अस्वल मान खाली घालून जांभळीकडे निघून गेलं.

वारूळ द्वारकाबाईंचंच राहिलं. पानं परत करायला त्या घरोघर गेल्या, तर एकदा ओटीत घातलेलं परत घेत नाहीत असं सगळ्यांनी सांगितलं आणि वर आणखी एकेक पान घातलं. बिळात आता पानंच राहतात. द्वारकाबाई बाहेर झोपतात. दिवसा वाळवी खातात आणि उरलेल्या वेळात त्या ढिगात आईची चाळीस पानं शोधतात. आतापर्यंत अकरा सापडलीत.

आणि जंगलाचं काय झालं म्हणाल, तर जंगल शहाणं झालं. पुढच्या वर्षी वाघ चार हजार पानं घेऊन आला. त्यात झडप कुठे होती ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्यासमोर लांडगा साडेपाच हजार घेऊन बसला. दोघं एकमेकांना ओल्या काड्या देत आहेत आणि वास आला, वास आला म्हणत आहेत. भांडण कशावरून होतं ते दोघंही विसरले. घुबडसरांनी हिशोब करून सांगितलं आहे की हा डाव लांडग्याचा पणतू जिंकेल.

तात्पर्य: मुलांनो, माणसाचे गुण चाळीसच असतात आणि नेटानं उकरणारा भेटला की दुपारपर्यंत संपतात. कचऱ्याचा मात्र तळ कुणालाच लागत नाही. तेव्हा अंगी गुण बाणवायच्या भानगडीत पडू नका. चार घरी जाऊन बसा, आणि जे मिळेल ते घरी आणा.