दहा मिनिटांची खुर्ची

खुर्च्यांच्या कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक इंग्रजी कागद एकोणीस वर्षं व्याकरणकाकांच्या नजरेखालून जात होता. मग त्याच कामासाठी एक नव्या ताई नोकरीला लागल्या आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "काका, स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत हवा. तुम्ही बाहेर ठेवलाय."

"आमच्या वेळी बाहेरच असायचा," काका म्हणाले.

मालकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "आता यापुढे आतच!"

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जेवताना त्यांनी ताईंचा उद्धार सुरू केला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून माझं नाव जितक्यांदा घेतलं नसेल, तितक्यांदा या आठवड्यात त्या ताईंचं घेतलंत."

प्रदर्शनासाठी नवं माहितीपत्रक निघणार होतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी वाक्य होतं. त्याचा अर्थ असा: "या खुर्चीवर दहा मिनिटांच्या वर कोणी बसूच शकत नाही," आमचे प्रतिस्पर्धी म्हणतात, पण हे खोटं आहे.

ताईंनी पान तपासून खाली सही केली आणि त्या जेवायला गेल्या. त्यांचा संगणक उघडाच होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. शब्द एकही हलवला नाही. फक्त चिन्हं उचलून दुसरीकडे ठेवली. आता वाक्य झालं: या खुर्चीवर दहा मिनिटांच्या वर कोणी बसूच शकत नाही. आमचे प्रतिस्पर्धी म्हणतात, "पण हे खोटं आहे."

बेत साधा होता. छापखान्यातून नमुना आला, की चारचौघांत चष्मा सावरत म्हणायचं, "अरेरे, ताई, हे काय?" चूक सुधारायची आणि गेलेली अब्रू परत मिळवायची.

दोन दिवस काका नमुन्याची वाट पाहत राहिले. शेवटी त्यांनी मालकांना विचारलं, "नमुना नाही आला अजून?"

"नमुना कशाला? ताईंनी बघितलंय ना! थेट दोन हजार प्रती काढल्या. सकाळीच प्रदर्शनात वाटून झाल्या."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी मालक माहितीपत्रक फडफडवतच आत शिरले. "आपल्याच खुर्चीवर बसवत नाही म्हणून आपणच छापलंय! आणि आपली बाजू कोण घेतंय, तर ते प्रतिस्पर्धी! कोणाचे हे प्रताप?"

ताई पांढऱ्याफटक पडल्या. "मी असं नव्हतं केलं हो..."

काकांना क्षणभर त्यांची दया आली. पण मालक आता आपल्याकडे वळताहेत म्हटल्यावर दया आटली. "सही त्यांची आहे. ही चिन्हं त्यांचीच, अगदी शपथेवर सांगतो. मी तर या पानाला बोटसुद्धा लावलं नाही!"

तेवढ्यात फोन वाजला. मालकांनी चिडूनच उचलला. मग हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. "हो... हो, आमचीच खुर्ची... किती म्हणालात? सहाशे?"

त्यांनी फोन ठेवला.

"मोठी कंपनी आहे. त्यांच्याकडे मीटिंगा चार-चार तास चालतात, लोक उठायचं नाव घेत नाहीत. म्हणाले, अशाच खुर्चीच्या शोधात होतो. आणि इतकी प्रामाणिक जाहिरात जन्मात पाहिली नाही म्हणे!" ते ताईंकडे वळले. "काय डोकं चालवलंत, ताई!"

"पण साहेब, खरंच हे माझं नाही—"

"विनय बघा, काका! आजपासून जाहिरात विभाग ताईंकडे."

काकांना राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या विरामचिन्हांनी काहीतरी करून दाखवलं होतं. सहाशे खुर्च्या! "साहेब, खरं सांगायचं तर ती चिन्हं... म्हणजे मीच..."

मालक हसले आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, या वयात दुसऱ्याच्या कामावर डोळा ठेवू नये. आत्ताच तर शपथ घेतलीत!"