कुट्टनचं नाक आणि अंगणातली मिरी

जेस्मीने ठरवून टाकलं, आज मिरी तुडवायची नाही.

अम्मच्ची, म्हणजे सासूबाई, लग्नाला निघताना बजावून गेल्या होत्या, "घोस रात्रभर पोत्याखाली मऊ पडलेत. मी येईपर्यंत दाणे सुटे झाले पाहिजेत. नाहीतर उद्याचा माल कुठे पसरू, माझ्या डोक्यावर?"

पण मिरी तुडवली की तळव्यांची आग होते, आणि तेच तिखट बाळाच्या डोळ्याला लागलं तर? (जेस्मीच्या डोक्यात दिवसभर एकच सुरू असे: 'तर?') नवऱ्याने, सोजनने, टाचांच्या भेगा दाखवून केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

अंगणभर घोस पसरलेले, कडेला चटईवर बाळ, कुट्टन. जेस्मी पाणी प्यायला आत गेली आणि परत येते तो काय, बाळाच्या चिमटीत हिरवा दाणा, चिमूट नाकाशी! ती धावली. बाळ शिंकलं. चिमूट रिकामी.

"अहो, दाणा नाकात गेला!"

सोजन घोसांवरूनच धावत आला. बॅटरी मारून म्हणाला, "काही दिसत नाही."

"म्हणजे वर गेला! मेंदूत गेला तर?"

"आमच्या घराण्यात मेंदूपर्यंत काही..." बायकोचा चेहरा पाहून त्याने पुढचं गिळलं.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या त्रेसियाचेडत्ती (चेडत्ती म्हणजे ताई) अंगण तुडवत आल्या, मागून त्यांच्या दोन्ही सुना.

"शिंकव गं त्याला! मिरपूड आण."

घरात मिरपुडीचा डबा रिकामा. (पोत्यांनी मिरी विकणारं घर!) सोजन चेडत्तींच्या घरी पळाला, घाईत हळद घेऊन आला, पुन्हा पळाला. जेस्मी बाळाला उपडं धरून अंगणात येरझारा घालत होती, सुना तिच्यामागे. शेवटी पूड आली. सोजन शिंकला, चेडत्ती शिंकल्या, सुना शिंकल्या. कुट्टन टाळ्या वाजवू लागला.

तेवढ्यात अम्मच्ची फाटकात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाळाची हनुवटी वर केली आणि गळ्याच्या गुबगुबीत वळीतून दाणा काढून जेस्मीच्या हातावर ठेवला.

जेस्मीने मान खाली घातली. पायाखाली एकही घोस धड नव्हता. दाणा न् दाणा सुटा! तळव्यांची आग तिला आत्ता कुठे जाणवली.

अम्मच्चींनी अंगणभर नजर फिरवली.

"छान तुडवलीस, पोरी. उद्या माल दुप्पट आहे." मग नातवाकडे पाहून म्हणाल्या, "नाकपुड्याही दोन आहेत."