शेवटच्या प्रकरणाचा चिमटा

हिरामावशींच्या दोरीवरचा एक चिमटा कपड्यांना कधीच मिळत नाही. तो पुस्तकाला लावलेला असतो. रहस्यकादंबरी हातात आली की मावशी आधी शेवटचं प्रकरण शोधतात, त्याची सगळी पानं एकत्र धरतात आणि चिमट्याने बंद करतात. आठवडाभर जीव कितीही वरखाली झाला, तरी तो रविवारी दुपारीच निघतो.

मावशी माझ्या घरमालकीण, ठाण्यातल्या कोलशेतच्या. सासरची पूर्वी मिठागरं होती, आता भाड्याच्या चार खोल्या आहेत. शिक्षण सातवी. वाचनालयातून पुस्तक आणून द्यायचं काम माझं. "प्रेमाचं नको आनू रं," त्या बजावतात. "त्यात पहिल्याच पानाला कलतं, कोन कोनाला मिलनार." त्यांना खून लागतो. त्यातही खुनी बाहेरून देवमाणूस आणि मनातून पोखरलेला असेल, तर गॅसवरचा भात हमखास करपतो.

पुस्तकांतून त्यांनी एक शब्द उचलला आहे, हेतू. दूधवाला लवकर आला, "हेतू काय?" जावेने न मागता आंबे पाठवले, "पन हेतू काय?" मी खोली बघायला गेलो तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. मावशींनी माझ्या पायांकडे पाहिलं. "एवरा शिकलास आनि दोन पायात दोन वेगल्या चपला? घाईत पलून आल्यासारखा दिसतोस." बसच्या गर्दीत एक चप्पल दुसऱ्या कोणाशी बदलली गेली होती. मावशींनी ते मानलं नाही, पण खोली दिली. तेव्हापासून माझं नाव ग्रॅज्युएट.

आठवड्यात पुस्तक दोघांचं चिमट्यापर्यंत वाचून होतं आणि रविवारी दुपारी आमची पैज असते. आधी मावशी खुनी सांगतात, मग मी. त्यानंतर चिमटा काढून मी शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचतो. हरणाऱ्याने पुढच्या रविवारी जिंकणाऱ्याला जेवायला घालायचं. तीन वर्षं मी बहुतेक वेळा जिंकलो आणि तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खात आलो. हे सगळं शिक्षणाचं फळ, असं मी गावी आईलासुद्धा फोनवर सांगितलं होतं.

मग कल्याणला माझं स्वतःचं घर झालं. मावशींना पेढे दिले. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला. "कल्यान," एवढंच म्हणाल्या. हेतू विचारला नाही.

जाण्याआधीचा शेवटचा रविवार. मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी वाचायची तयारी म्हणून चिमटा काढून ठेवला. पुस्तक नवंकोरं होतं, वाचनालयात आल्या आल्या मीच पहिल्यांदा घेतलेलं. आणि शेवटच्या पानावर, जिथे भाच्याने खून कबूल केला होता, तिथे हळदीचं पिवळं बोट उमटलेलं होतं.

मी काही हळद लावून वाचत नाही.

तीन वर्षांची माझी हुशारी त्या बोटाखाली बसली. खुनी माहीत असूनही ही बाई दर रविवारी चुकीचं नाव घेत होती. हेतू काय? मग त्यांचं मागे कधीतरी भाकरी थापताना सहज बोललेलं वाक्य आठवलं. "एकटीसाठी कालवन कोन करतंय रं."

मी चिमटा होता तसा लावला.

मावशी पदराला हात पुसत आल्या. "हां, तर माझा संशय..."

"मावशी, आज मी आधी. खुनी डॉक्टर."

"डॉक्टर? तो तर तिसऱ्या प्रकरनात मेला."

"मेला तरी माझा त्याच्यावरच संशय आहे."

मावशींनी चिमट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "भाचा."

मी प्रकरण वाचलं. भाचाच निघाला.

"हरलास," मावशी म्हणाल्या. "म्हंजे पुरच्या रविवारी तू जेवायला घालनार. कल्यानला."

"नियम म्हणजे नियम."

"आनि त्याच्या पुरच्या?"

"ते तुम्ही किती चुकता त्यावर."

त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय, ते मला दिसू दिलं नाही. मग एकदम पोलिसी आवाजात म्हणाल्या, "पन ग्रॅज्युएट, मेलेल्या मानसावर संशय घेतलास. हेतू काय?"

मी पिवळ्या बोटाचं पान मिटलं. "कोलंबी साफ कशी करायची, ते आधी शिकवा."