सुनंदाचं सुतक

आमचे शेजारी शंकरभाऊ गेल्या महिन्यात सुतकात होते. गेली होती सुनंदा. सुनंदा ही एका कादंबरीची नायिका असून तिनं पान दोनशे चौदावर प्राण सोडला होता.

चूक माझीच. नांदुऱ्याच्या बाजारात चाळीस वर्षं मापारी म्हणून धान्य मोजून भाऊ घरी बसले. लग्न केलेलं नाही, माणूस एकटा, वेळ जाता जात नाही. दुपारभर कुंपणाशी उभं राहून ते माझ्या बायकोला भाजी कशी चिरावी हे शिकवत. कुठेतरी गुंतवावं म्हणून मी त्यांना वाचनालयातून एक जाडजूड प्रेमकथा आणून दिली.

भाऊ ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतात. त्यामुळे ती कादंबरी आम्हा सगळ्यांनाच वाचावी लागली. मधूनमधून नायकाला दम देणं चालू असायचं. "काऊन गेला बे तिले सोडून? माप चुकलं तुह्यं!" मी वह्या तपासायला बसलो की हाक यायचीच. "सर, हा अविनाश काय करून राह्यला? तुमी तरी सांगा त्याले!"

"भाऊ, मी त्याले ओळखत नाही," मी एकदा वैतागून म्हणालो.

"वा! आणला तं तुमीच."

आणि मग सुनंदा गेली. भाऊंची दाढी बंद, देवाजवळचा दिवा बंद, चूल बंद. दुखवट्याच्या घरी शेजाऱ्यांनी ताट न्यायचं असतं, याची आठवण त्यांनी स्वतःच कुंपणावरून करून दिली. "वहिनी, बिनफोडणीचं चालते मले." बायको पाच दिवस साधं वरण आणि भाकरी पोचवत होती आणि राग माझ्यावर काढत होती.

तेही सोसलं असतं. पण सहाव्या दिवशी आमच्या लेकीचा, प्राचीचा साखरपुडा होता. ही पोर भाऊंच्या मांडीवर वाढलेली. "मोठेबाबा नसले तं मी पाटावर बसत नाही," असं तिनं बजावलेलं. आणि मोठेबाबांचं म्हणणं एकच, सुतकात शुभकार्याला येत नसतात.

पाहुणे जळगाव जामोदहून निघाल्याचा फोन आला, तसा मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. भाऊ सहा दिवसांच्या दाढीत भिंतीला टेकून बसले होते.

"भाऊ, ते बाई कागदावरची आहे!"

"हाव. पण मेली ना?"

"मेली तं मेली! तुमचं काय नातं तिच्याशी? नात्याबिगर सुतक लागते का कुठं?"

मी जरा जास्तच ओरडलो.

"तेच तं," ते म्हणाले. "मालतीच्या टायमालेही हेच झालं."

वीस वर्षांच्या शेजारात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"उंद्रीची होती. आमचं दोघाईचं ठरलं होतं. तिच्या बापानं दुसरीकडं देली. पह्यल्या बाळंतपणातच गेली. निरोप आला तवा मी काट्यावर उभा होतो, नवीन माप सुरू होऊन राह्यलं होतं. मापात एकाले एक म्हणत नाहीत, सर. लाभ म्हणतात. हमाल, आडते, सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. काय सांगू त्याईले? माह्यं कोण मेलं? मंग म्हणा लागलं मोठ्यानं, लाभ!"

त्यांनी बाजूची कादंबरी जवळ ओढली.

"सुनंदाच्या टायमाले वाटलं, पुस्तकातली आहे, हिच्याशी काय नातं हे कोण इचारते. तं तुमी इचारलं."

मला लाज वाटली. पाण्याचा तांब्या त्यांच्यापाशी ठेवला आणि घरी आलो.

पाहुणे जमले. पाट मांडलेला, आणि प्राची दाराकडे बघत तशीच उभी.

"मोठेबाबा?"

"येत नाहीत. सुतक आहे त्याईले."

"अरे! कोण गेलं?" व्याह्यांनी विचारलं.

"घरचं माणूस," मी म्हणालो आणि प्राचीला हाताला धरून पाटावर बसवलं.